यादी करणाऱ्या साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
विंडोज ११ साठी पात्र प्रोसेसरांची यादी करणारे साहेब,
मायक्रोसॉफ्ट, रेडमंड, अमेरिका

साहेब,

तुमच्या यादीखाली कुणाचीच सही नाही, म्हणून हे पत्र नावानं न लिहिता कामगिरीनं लिहितो आहे. कामगिरी मोठी आहे. जून २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर झालं आणि त्याच्या पाठोपाठ तुमची यादी आली. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर आत, सातव्या पिढीपासून मागचे बाहेर. एएमडीचे रायझन २००० आत, त्याआधीचे बाहेर. सातव्या पिढीचा लॅपटॉप २०१७ मध्ये दुकानात नवा कोरा म्हणून मिळत होता. लोक तो हप्त्यानं घेत होते. चार वर्षांत तो तुमच्या लेखी म्हातारा झाला. कीबोर्ड चालत होता, पडदा शाबूत होता, चार्जर लावला की दिवा लागत होता. एकही अंग निकामी नव्हतं. फक्त तुमच्या तक्त्यात त्याच्या प्रोसेसरचा क्रमांक नव्हता.

मग १४ ऑक्टोबर २०२५ आला आणि विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं तुम्ही थांबवलंत. हेच विंडोज १० आणताना, २०१५ मध्ये, तुमच्याच एका कर्मचाऱ्यानं जाहीर व्यासपीठावरून ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं होतं. लोकांनी ते खरं मानलं आणि त्या हिशेबानं यंत्रं घेतली. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला की, विंडोज १० चा आधार संपल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट झाले हे. एवढी यंत्रं एकाही स्क्रूला हात न लावता निकालात काढण्याची ताकद आजवर कुठल्या पुरालाही नव्हती. ती तुमच्या यादीत आहे.

माझा आरोप सरळ आहे. हे संगणक जुने झाले म्हणून बंद पडलेले नाहीत. तुम्ही त्यांना जुनं ठरवलंत. आणि ठरवताना जी कारणं दिलीत, ती तुमच्याच कागदपत्रांसमोर टिकत नाहीत.

सगळ्यात मोठं कारण तुम्ही सुरक्षेचं दिलंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, सिक्युअर बूट हवं. टीपीएम म्हणजे डिस्कच्या कुलुपाच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, किंवा प्रोसेसरच्या पोटातच बसवलेलं तिचं रूप. यंत्र सुरू होताना मध्येच कुणी हात घातला नाही ना, हे तपासायला तिची मदत होते. चांगली गोष्ट आहे ती. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण साहेब, सहाव्या आणि सातव्या पिढीच्या अनेक यंत्रांत टीपीएम २.० आहे. सिक्युअर बूटही आहे. त्यांच्या मालकांनी बायोसमध्ये जाऊन दोन्ही सुरू केली, आणि तरीही तुमचा निरोप आला की हा प्रोसेसर चालणार नाही. मग अडचण चिपची नव्हतीच. नवी चिप लागते, असं लोकांना सांगितलंत. ज्यांच्याकडे ती निघाली त्यांना दुसऱ्या दारावर अडवलंत.

त्या दुसऱ्या दाराचंही बघू. मेमरी इंटिग्रिटी नावाचं तुमचं एक संरक्षण आहे. विंडोजच्या गाभ्यात परका कोड घुसू नये म्हणून ते पहारा देतं. पहाऱ्याचं ओझं कमी व्हावं यासाठी प्रोसेसरमध्येच एक सोय असावी लागते. ती सोय इंटेलच्या केबी लेकपासून पुढे आणि एएमडीच्या झेन २ पासून पुढे असते, हे तुमच्याच तांत्रिक कागदांत लिहिलेलं आहे. केबी लेक म्हणजे इंटेलची सातवी पिढी. ती तुम्ही बाहेर ठेवलीत. आणि रायझन २००० मालिकेचे झेन प्लस प्रोसेसर, जे झेन २ च्या आधीचे आहेत, ते आत घेतलेत. ज्याच्याकडे सोय आहे तो बाहेर आणि ज्याच्याकडे नाही तो आत, असं ज्या यादीत घडतं, ती यादी सुरक्षेसाठी केली होती हे मी कशावरून मानू?

खरी तांत्रिक रेषा कुठे आहे, तेही तुम्हाला माहीत आहे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली तेव्हा पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना नसलेल्या प्रोसेसरांवर ती चालूच शकेना. ही खरी मर्यादा. यंत्राला जी आज्ञा कळतच नाही, ती ते पाळणार कसं? त्याबद्दल कुणाचं भांडण नाही. पण या सूचना इंटेलच्या नेहालेम प्रोसेसरांत २००८ मध्येच आल्या होत्या. म्हणजे तुमचा कोड २००८ च्या आसपास येऊन अडतो आणि तुमची यादी २०१७ ला अडते. मधल्या नऊ वर्षांतली बहुतेक यंत्रं कोडला चालतात, तुम्हाला चालत नाहीत.

आणि सातव्या पिढीतल्या एका प्रोसेसरला तुम्ही आत घेतलंतच की. ऑगस्ट २०२१ मध्ये यादी सुधारलीत तेव्हा कोअर आय७ ७८२०एचक्यू हे नाव तिच्यात आलं. हा प्रोसेसर होता सरफेस स्टुडिओ २ मध्ये. सरफेस स्टुडिओ २ तुमच्याच कंपनीचा, आणि त्या दिवशी तो तुमच्याच दुकानात विकायला ठेवलेला होता. त्याचे सातव्या पिढीतले बहुतेक सगळे सख्खे भाऊ, ज्यांच्यावर डेल, एचपी, लेनोव्हो अशी दुसऱ्यांची नावं होती, ते बाहेरच राहिले. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं! या म्हणीचा एवढा चोख दाखला मला दुसरीकडे सापडलेला नाही. या एका नोंदीनंतर यादीचा बचाव करणं तुम्ही स्वतःच अवघड करून ठेवलंत.

त्याच सुमाराला तुम्ही एक आकडा दिला होता: यादीबाहेरच्या यंत्रांवर विंडोज ११ ची चाचणी घेतली तेव्हा गाभ्यातले बिघाड ५२ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि यादीतल्या यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के बिघाडमुक्त होता. ५२ टक्के ऐकून माणूस दचकतो. पण दोन्ही आकडे एकाच मापाचे धरले, तर गणित काय निघतं? हजारात दोन बिघाड होत होते, ते तीन झाले. ९९.८ चं ९९.७ झालं. शिवाय त्या यादीबाहेरच्या गर्दीत दहा-बारा वर्षांची यंत्रंही असणार आणि चार वर्षांचीही असणार. सातवी पिढी आठवीपेक्षा किती वाईट निघाली, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. कमी फरकाला मोठी टक्केवारी लावायची ही रीत जाहिरातीत चालते. ज्या निर्णयानं कोट्यवधी लोकांच्या खिशाला हात घातला, त्याला ती शोभत नाही.

आता तुमच्या घरातलीच दुसरी यादी काढतो. विंडोज ११ आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२४ या आवृत्तीला टीपीएम ऐच्छिक आहे, सिक्युअर बूटही ऐच्छिक आहे. ही आवृत्ती कारखान्यांतली, रुग्णालयांतली, दुकानांच्या गल्ल्यांवरची यंत्रं चालवण्यासाठी कंपन्यांना विकली जाते. आणि विंडोज १०? त्याच्या आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ आवृत्तीला तुम्ही जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट देणार आहात. म्हणजे जे विंडोज १० शाळेच्या प्रयोगशाळेत २०२५ मध्ये संपलं, तेच एखाद्या कारखान्यातल्या यंत्रावर २०३२ पर्यंत जिवंत राहणार. साध्या विंडोज १० लाही, पैसे मोजणाऱ्या संस्थांसाठी, ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची मुदत मिळाली. त्यासाठी ३० डॉलर द्या, किंवा तुमच्या खात्यात शिरून आपली माहिती तुमच्या सर्व्हरवर ठेवा, किंवा तुमच्या बक्षीस योजनेतले १००० गुण खर्च करा.

हे सगळं एकत्र मांडल्यावर मला जे दिसतं, त्याचा खरा राग आहे. अपडेट लिहायला माणसं लागतात, पैसे लागतात, आणि दहा वर्षांनी ते थांबवावं लागतं, असं तुम्ही म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण ते लिहिणं थांबलेलंच नाही. तुमचे अभियंते २०२८ पर्यंत विंडोज १० ची भोकं बुजवणार आहेत. बुजवलेलं तयार असणार आहे. फक्त ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, एवढंच तुम्ही ठरवलंत. भोक कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक, ते कसं बुजवायचं हेही ठाऊक, आणि तरी घरातल्या, शाळेतल्या, छोट्या दुकानातल्या संगणकाचं ते उघडंच ठेवायचं. वर त्याच लोकांना सांगायचं की तुमचं यंत्र असुरक्षित आहे, नवं घ्या. चोराच्या उलट्या बोंबा यापेक्षा वेगळ्या असतात का?

आमच्याकडे जुनी गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे की नाही, हे आरटीओ ब्रेक, दिवे, धूर तपासून ठरवतं. नवी गाडी विकणाऱ्या शोरूमच्या मालकाला कुणी ते ठरवू देत नाही. संगणकांच्या बाबतीत जगानं तो अधिकार तुम्हाला दिला, आणि तुम्ही तो विक्रेत्यासारखाच वापरलात.

यंत्राचं मरण तुमच्या तारखेवर थांबत नाही, हेही तुम्हाला चांगलं माहीत आहे. आधी कार्यप्रणाली जाते, मग ब्राउझर जातो, आणि ब्राउझर गेला की आजच्या जगात संगणकच गेला. विंडोज ७ च्या वेळी हेच झालं. जानेवारी २०२३ मधलं क्रोम १०९ हे त्याच्यावर चालणारं शेवटचं क्रोम. त्यानंतर हळूहळू बँकेची पानं कुरकुरू लागली, रेल्वेचं आरक्षण अडखळू लागलं. त्या यंत्रांच्या मालकांना काही वर्षं खरा आधार मिळाला तो फायरफॉक्सचा. मोझिलानं फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज ७ आणि ८ साठी चालू ठेवली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. ज्या संस्थेचं बहुतेक उत्पन्न तिच्या प्रतिस्पर्ध्याकडून, गुगलकडून, शोधयंत्राच्या करारापोटी येतं, तिला जुन्या यंत्रांची ही जबाबदारी पेलता आली. तुमच्या तिजोरीशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

जुन्या यंत्राचा गळा आवळण्यात वेबपानांचाही वाटा आहे, आणि तो एकट्या तुमचा नाही. चार जीबी रॅमच्या संगणकावर एखाद्या वर्तमानपत्राचं पान उघडून पाहा. बातमी चार परिच्छेदांची. तिच्याभोवती जाहिराती, आपोआप चालू होणारे व्हिडिओ आणि वाचकाच्या मागावर राहणाऱ्या लिपींचा पसारा. पंखा घरघरतो, माऊस अडकतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं आपला संगणक संपला. यूब्लॉक ओरिजिनसारखं मुक्त स्रोत एक्स्टेंशन लावलं की तोच संगणक मोकळा श्वास घेतो. गुगलनं २०२४-२५ मध्ये क्रोमचे नियम बदलले आणि त्या मूळ एक्स्टेंशनला क्रोममध्ये जागा उरली नाही. उरली ती त्याची हलकी, कमी ताकदीची आवृत्ती. फायरफॉक्सवर मूळ एक्स्टेंशन अजून चालतं. जुन्या यंत्राच्या मालकाला मी पहिला सल्ला देतो तो हाच: फायरफॉक्स टाका आणि त्याच्यावर यूब्लॉक ओरिजिन टाका. नवी रॅम नंतर.

ब्राउझरवरून एक जुनं देणं आठवलं, त्याची नोंद करतो. तुमचा एज ब्राउझर जानेवारी २०२० पासून क्रोमियमवर उभा आहे. क्रोमियमचं इंजिन ब्लिंक. ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटमधून फुटून निघालं. वेबकिट ॲपलनं केएचटीएमएलवरून बांधलं. आणि केएचटीएमएल लिहिलं होतं केडीई या मुक्त स्रोत प्रकल्पातल्या लोकांनी, आपल्या कॉन्करर ब्राउझरसाठी. हा प्रकल्प १९९६ मध्ये जर्मनीतल्या मॅथियास एट्रिच या विद्यार्थ्यानं सुरू केला होता. तुमचा एज कुठल्याही संकेतस्थळाला आपली ओळख पाठवतो, तेव्हा त्या ओळखीच्या ओळीत केएचटीएमएल हे नाव आजही असतं. ज्यांच्या पायावर तुमचा ब्राउझर उभा आहे, त्याच केडीईच्या लोकांनी २०२५ मध्ये इतर मुक्त स्रोत संस्थांना सोबत घेऊन ‘एंड ऑफ १०’ ही मोहीम काढली. तुम्ही यादीबाहेर टाकलेली यंत्रं लिनक्सवर चालवून दाखवायची, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना गावातल्या जाणकारापर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. २००१ मध्ये तुमचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. २०१८ मध्ये तुम्ही गिटहब विकत घेतलं, म्हणजे मुक्त स्रोतवाल्यांची सगळ्यात मोठी चावडीच. त्यांचा कोड घेतलात, चावडी घेतलीत. टाकाऊ न मानता यंत्र सांभाळण्याची त्यांची वृत्ती तेवढी तिथेच ठेवून आलात.

आता तुम्ही म्हणाल, मुक्त स्रोतवालेही जुनी यंत्रं सोडतातच की. सोडतात. लिनक्सच्या गाभ्यानं इंटेल ३८६ चा आधार २०१२ च्या अखेरीला काढला. त्याच ३८६ वर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं होतं. पण ३८६ बाजारात आला होता १९८५ मध्ये. तो बाजारात आल्यापासून सत्तावीस वर्षांनी सोडला. डेबियननं ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीवर नव्यानं स्थापना करण्याची सोय बंद केली, आणि माझ्या ओळखीतल्या जुन्या नेटबुकवाल्यांना त्याचं वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण तो निर्णय का घेतला, कुणी विरोध केला, सांभाळणारी माणसं किती उरली होती, हे सगळं उघड चर्चेत वाचायला मिळतं. कोड जागेवर आहे. ज्याला पुढे न्यायचा आहे त्याच्या हातात कुणी बेडी घातलेली नाही. तुमच्या यादीवर अशी चर्चा कुठे झाली? तुम्ही २०२१ मध्ये यादीबाहेरच्या यंत्रावर विंडोज ११ चढवण्यासाठी रजिस्ट्रीतला एक बदल स्वतःच जाहीर केला होता. पुढे तोही आपल्या पानावरून गुपचूप काढून टाकलात.

इतकं सगळं असूनही लिनक्स प्रत्येकाला आज दुपारी जमेल, असं मी कुणाला सांगत नाही. सांगणं खोटं ठरेल. पत्र, हिशेबाचा तक्ता, ईमेल, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, पोरांचा अभ्यास एवढ्यासाठी लिनक्स मिंट उत्तम आहे. त्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि २०१२-१३ च्या लॅपटॉपवरही ती नीट चालते. अटी दोनच, फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि रॅम आठ जीबी करा. जुना संगणक मंद असण्याचं अर्ध्याहून अधिक पाप त्या फिरत्या डिस्कचं असतं. मराठी इनस्क्रिप्टनं टायपिंग तिथे सरळ होतं, लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत मिळतात.

पण तालुक्याच्या गावातला छपाईवाला काय करील? त्याच्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या नाहीतर आकृतीच्या फाँटांत बांधलेले आहेत. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. दुसऱ्या यंत्रावर उघडला तर अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. त्याच्या शेजारचा कर सल्लागार टॅलीवर बसलेला आहे, आणि टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. या दोघांना ‘लिनक्स घ्या’ म्हणणं सोपं आहे, पण ते त्यांना उपयोगाचं नाही. त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजला बांधलेलं आहे, आणि म्हणूनच तुमची यादी त्यांच्यावर सगळ्यात जोरात पडली. ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही, त्याच्याकडून भाडं वसूल करायला फार अक्कल लागत नाही.

इथे दोष आमच्या राज्याचाही आहे, तो तुमच्या पदरात टाकणार नाही. महाराष्ट्रानं २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला. लाखो लोकांना त्यानं संगणकासमोर बसवलं. गावागावातल्या मुलींना, शिपायांना, शिक्षकांना माऊस हातात धरायला शिकवलं. ते काम मोठं होतं. पण ज्यांना शिकवलं त्यांना संगणक म्हणजे विंडोज आणि टायपिंग म्हणजे वर्ड, हेच शिकवलं. सरकारी नोकरीच्या अटीत ते प्रमाणपत्र बसलं आणि तुम्हाला जाहिरात न करता एक अख्खी पिढी मिळाली. केरळनं त्याच काळात वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच मुक्त स्रोताचा रस्ता धरला, आणि आज काइट ही तिथली सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःचं लिनक्स बनवते. तिथल्या शाळेतला जुना संगणक १४ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी उठून तुमच्याकडे बघत बसला नाही. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, आणि सी-डॅकनंच बॉस ही भारतीय लिनक्स कार्यप्रणाली केली. ती पुण्याच्या शाळांत किती जणांनी पाहिली आहे, हा प्रश्न मी आमच्या शिक्षण खात्याला वेगळ्या पत्रानं विचारीन. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं एप्रिल २०२४ मध्ये तीस हजार सरकारी संगणकांवर तुमच्या ऑफिसऐवजी लिबरऑफिस आणायचं जाहीर केलं. राज्य सरकारला हे ठरवता येतं.

भंगाराबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुम्हाला दिसणारच नाही. ते आमच्याकडे साचतं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद होऊन रीतसर गोळा झाला. बाकीच्यातला पुष्कळसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. तिथे माणसं सर्किट बोर्ड जाळतात, आम्लात बुडवतात आणि तो धूर छातीत घेतात. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो बनतानाच झालेला असतो, म्हणून चालता लॅपटॉप आणखी पाच वर्षं वापरणं हीच सगळ्यात मोठी बचत. आमचे ई-कचऱ्याचे नियम यंत्र बनवणाऱ्याला आणि आणणाऱ्याला जबाबदार धरतात. ज्याच्या यादीमुळे चालतं यंत्र कचरा झालं, त्याचं नाव त्या नियमांत कुठेच नाही. ते यायला हवं, आणि मी त्यासाठी आमच्या लोकप्रतिनिधींच्या मागे लागणार आहे.

आता मागण्या. पहिली, विंडोज १० ची जी अपडेट संस्थांसाठी ऑक्टोबर २०२८ पर्यंत तयार होणार आहेत, ती घरगुती संगणकांना, शाळांना आणि ग्रंथालयांना तोवर विनामूल्य द्या. ती लिहायला तुम्हाला एक रुपयाही जास्त पडणार नाही. दुसरी, ज्या यंत्रात टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट आहे ते यादीत घ्या, मग प्रोसेसर कुठल्याही पिढीचा असो. सरफेस स्टुडिओला चालला तो नियम सगळ्यांना लावा. तिसरी, अपात्र यंत्राच्या मालकाला तुम्ही जो निरोप दाखवता, त्यात नवा संगणक घेण्याच्या आणि जुना पुनर्चक्रीकरणाला देण्याच्या सल्ल्याशेजारी एक ओळ वाढवा: या यंत्रावर लिनक्स चालू शकतं. ही ओळ खरी आहे, आणि ग्राहकाला खरं सांगायला कुणाच्या परवानगीची गरज नसते.

हे तुमच्यानं होत नाही असं म्हणू नका. युरोपातल्या एका ग्राहक संघटनेनं पत्र लिहून जाब विचारला, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांसाठी त्या एका वर्षाच्या मुदतीवरची पैशाची आणि माहिती सर्व्हरवर ठेवण्याची अट तुम्ही काढलीत. तिथे साधं खातं पुरलं. तेच विंडोज १०, तीच अपडेट, पण नागपूरच्या विद्यार्थ्याला अट आणि हॅम्बुर्गच्या विद्यार्थ्याला सूट. हा फरक कुठल्या प्रोसेसरमुळे पडला, तेवढं तुमच्या यादीत दाखवा.

कळावे,

सातव्या पिढीच्या एका चालत्या लॅपटॉपचा मालक